भयव्याधी, चुंबकीय उपचार आणि अभयदान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी पहिली तीन ओळखावयास सोपी आहेत. भोजनशाळा, दवाखाना, पाठशाळा आणि विद्यार्थी वसतिगृह या रूपांनी ती गावोगावी डोळ्यांना दिसतात. अभयदान मात्र चटकन दिसत नाही. त्याचा विचार बहुधा पिंजऱ्यातील पक्षी सोडविणे किंवा कत्तलखान्याच्या वाटेवरील जनावर पांजरपोळात आणून ठेवणे, एवढ्यावरच थांबतो. हे कार्य थोरच आहे. परंतु घरातीलच एखादे माणूस रात्रंदिवस भयाने कासावीस होत असेल, तर त्याला अभय कोणी द्यावयाचे? सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, या भयव्याधीवर चुंबकीय शक्तीने उपचार करण्याची एक पद्धती आता मोठ्या शहरांतून उपलब्ध झाली आहे. तिच्याविषयी समाजात कुतूहल आहे, आशा आहे आणि गैरसमजही आहेत.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. एखाद्या गृहिणीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पहाटे अकस्मात तिची छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, श्वास अपुरा पडतो आणि आता प्राण जाणार असे तिला वाटते. धावपळ करून दवाखान्यात नेले जाते. कार्डिओग्राम निर्दोष येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घडते. घरची मंडळी म्हणतात, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मनाला लावून घेऊ नका. णमोकाराचा जप करा." ती जप करते, पण माळ हातातून गळून पडते. मंदिरात गेली तर गर्दीच्या भीतीने दाराशीच बसते. वर्षभरात लग्नकार्ये सुटतात, यात्रा सुटते, शेवटी एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणेही सुटते. जगाच्या दृष्टीने तिला काहीही झालेले नसते.

अशा माणसाला सर्वांत अधिक घायाळ करणारे वाक्य एक असते: "धर्मावर श्रद्धा असती, तर भय वाटले नसते." याला शास्त्राचा आधार म्हणून सप्तभयांचा दाखला दिला जातो. इहलोकभय, परलोकभय, वेदनाभय, अरक्षाभय, अगुप्तिभय, मरणभय आणि आकस्मिकभय या सात भयांपासून सम्यग्दृष्टी जीव मुक्त असतो, हे खरे आहे. परंतु तेथे वर्णिलेली निर्भयता ही आत्म्याच्या अविनाशी स्वरूपावरील श्रद्धेतून येणारी निःशंकता आहे. छातीची धडधड कधीच होणार नाही, असे वचन त्यात नाही. त्याच कर्मसिद्धान्तात भय हे नऊ नोकषायांपैकी एक मानले असून त्याचा उदय आठव्या अपूर्वकरण गुणस्थानापर्यंत सांगितला आहे. व्रती श्रावक तर पाचव्याच गुणस्थानात असतो. म्हणजे ज्याला भय वाटते तो श्रद्धाहीन आहे, असा निवाडा घरात बसून देण्याचा अधिकार शास्त्राने कोणालाही दिलेला नाही. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा संसारी जीवांना लागलेल्याच आहेत. त्यांतील भयसंज्ञा विकोपाला जाऊन शरीर-मनाचे कार्य बिघडते, तेव्हा ती व्याधी होते. आणि व्याधीवर औषधोपचार करणे हे श्रावकाला निषिद्ध नाही.

ही व्याधी विरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोक चिंताविकृतींनी ग्रस्त होते आणि उपचार मिळणाऱ्यांचे प्रमाण चारांमागे साधारण एक एवढेच होते. भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात निरनिराळ्या मनोविकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. साऱ्या चिंताविकृती एकसारख्याही नसतात. सतत नाना गोष्टींची काळजी लागून राहणारी सर्वसाधारण चिंताविकृती, अचानक येणारे भीतीचे झटके, चारचौघांत बोलण्याचे भय आणि विशिष्ट वस्तू वा स्थळांचे भयगंड असे तिचे प्रकार आहेत. मंत्रचळ आणि मोठ्या आघातानंतर जडणारी ताणविकृती यांचीही गणना पूर्वी यांतच होत असे. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या नव्या वर्गीकरणात या दोहोंना स्वतंत्र स्थान दिले. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

आता चुंबकीय उपचाराकडे वळू. त्याचे मूळ १८३१ सालात आहे. त्या वर्षी मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या वाहकात विजेचा प्रवाह निर्माण होतो. मेंदूतील पेशीही सूक्ष्म विद्युत संकेतांनीच एकमेकींशी व्यवहार करतात. या दोन गोष्टींची सांगड घालून १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर तारेचे वेटोळे धरले व कवटीला धक्का न लावता मेंदूच्या स्नायूंवर ताबा ठेवणाऱ्या भागाला चालना दिली. त्या व्यक्तीचा हात आपोआप हलला. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, संक्षेपाने टीएमएस, ही पद्धती या प्रयोगातून उदयास आली.

उपचाराची रीत साधी आहे. रुग्ण खुर्चीत जागेपणी बसतो. भूल नाही, सुई नाही. डोक्याला टेकविलेल्या वेटोळ्यातून क्षणार्धापुरते प्रखर चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. त्याची तीव्रता दीड ते दोन टेस्ला, म्हणजे रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या तोडीची असते, परंतु प्रत्येक स्पंद एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. नेहमीच्या वेटोळ्याचा प्रभाव दोन ते तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. पहिल्या दिवशी डॉक्टर किती शक्तीला रुग्णाचा अंगठा किंचित हलतो ते पाहतात आणि त्यावरून मात्रा ठरवितात, कारण प्रत्येक मेंदूची ग्रहणशक्ती निराळी असते. नंतर आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हा उपचार चालतो. प्रत्येक बैठक काही मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासाची असते. यंत्राचा टकटक आवाज मोठा असल्याने कानात बोळे घालावे लागतात.

भयाचा याच्याशी संबंध कोणता? मेंदूच्या खोल भागात अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे केंद्र आहे. धोक्याची घंटा वाजविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागील भाग त्या घंटेची शहानिशा करून तिला आवर घालतो. चिंताविकृतीत घंटा वारंवार वाजते आणि आवर अपुरा पडतो, अशी आजची शास्त्रीय समजूत आहे. चुंबकाचा प्रभाव खोलवरच्या केंद्रापर्यंत थेट पोहोचत नाही, म्हणून कपाळामागील भागावर उपचार करून त्याच्याशी जोडलेल्या साऱ्या जाळ्यावर परिणाम घडविण्याचा प्रयत्न होतो. सेकंदाला एक या संथ गतीचे स्पंद त्या भागाची उत्तेजितता सामान्यतः उतरवितात, तर सेकंदाला दहा या गतीचे स्पंद ती वाढवितात. चिंताविकृतीवरील प्रयोगांत बहुधा उजव्या बाजूला संथ स्पंद दिले गेले आहेत.

येथे दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पहिला असा की, हा 'शॉक'च आहे. विजेचा झटका देऊन आकडी आणण्याची उपचारपद्धती १९३८ मध्ये रोम येथे सुरू झाली. आज ती भूल देऊन सुरक्षितपणे केली जाते आणि काही गंभीर आजारांत प्राण वाचविते. टीएमएस त्याहून सर्वस्वी वेगळे आहे. त्यात आकडी आणावयाची नसते, आणि उपचारानंतर रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो. दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे. चुंबकाने रोग बरा होतो म्हटल्याबरोबर चुंबकाचे पट्टे, चुंबकाच्या गाद्या आणि चुंबक बुडवून ठेवलेले पाणी विकणारे पुढे सरसावतात. फॅरडेचा नियम येथेच उपयोगी पडतो. स्थिर चुंबकाचे क्षेत्र बदलत नाही आणि जे बदलत नाही ते मेंदूत प्रवाह निर्माण करीत नाही. गळ्यात बांधलेला चुंबक आणि टीएमएस यांत केवळ नावाचे साम्य आहे. जैनाचार्यांनी लोकमूढतेपासून दूर राहावयास सांगितले, ते अशा प्रसंगांसाठीही लागू आहे.

मग हा उपचार गुणकारी आहे की नाही? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे म्हणजे एकांतवाद होईल. स्याद्वादातील 'स्यात्' या पदाचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. कोणत्या रोगाच्या अपेक्षेने, कोणत्या पुराव्याच्या अपेक्षेने, हे सांगितल्याशिवाय विधान पूर्ण होत नाही.

नैराश्याच्या अपेक्षेने हा उपचार सिद्ध झालेला आहे. गोळ्यांनी गुण न आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये त्यास मान्यता दिली. कॅनडातील ४१४ रुग्णांवरील अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, केवळ तीन मिनिटांच्या बैठकीची नवी रीत साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या रीतीहून उणी नाही, असे दिसले.

मंत्रचळाच्या अपेक्षेनेही पुरावा भक्कम होत आहे. त्यासाठी अधिक खोल पोहोचणारे वेगळे वेटोळे वापरतात आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली. ११ केंद्रांतील ९९ रुग्णांच्या चाचणीत खरा उपचार घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना, तर हुबेहूब तसाच भासणारा पण निष्प्रभ उपचार घेतलेल्यांपैकी ११ टक्क्यांना गुण आला. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. लाभ खरा आहे, पण निम्म्याहून अधिक रुग्णांना अपेक्षित गुण आला नाही. तसेच नुसत्या खुर्चीत बसल्याने, आशेने आणि रोजच्या आस्थेवाईक विचारपुशीनेही काहींना बरे वाटते. म्हणूनच कोणत्याही उपचाराची तुलना निष्प्रभ उपचाराशी करावी लागते.

निव्वळ चिंताविकृतीच्या अपेक्षेने मात्र चित्र अजून अपुरे आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग'मध्ये सर्वसाधारण चिंताविकृतीच्या २५ रुग्णांवर उजव्या बाजूला संथ स्पंदांचा प्रयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत खऱ्या उपचाराच्या गटात सुधारणा ठळकपणे अधिक होती आणि तीन महिन्यांनंतरही ती दिसत होती. निष्कर्ष आशादायक आहे, पण पंचवीस माणसे म्हणजे एका बसचे निम्मे प्रवासी. एवढ्यावरून लाखोंसाठी नियम ठरत नाही. भीतीच्या झटक्यांविषयी २०१४ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समीक्षेला केवळ दोन छोट्या चाचण्या विचारात घेता आल्या, आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे तिने नोंदविले. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत चिंतेच्या लक्षणांसाठी जी मान्यता मिळाली, ती नैराश्यासोबत आढळणाऱ्या चिंतेपुरती आहे. निव्वळ चिंताविकृती तिच्यात येत नाही. जाहिरातीत हा भेद सहसा छापला जात नाही.

म्हणून क्रम सांभाळणे महत्त्वाचे आहे. चिंताविकृतीवर आजही पहिल्या ओळीचे उपचार दोन आहेत: विचार आणि वर्तन यांना वळण लावणारी मानसोपचारपद्धती आणि मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करणाऱ्या गोळ्या. दोन्हींचा पुरावा मोठा आहे. हे योग्य प्रकारे व पुरेसा काळ करूनही गुण आला नाही, किंवा सोबत नैराश्य अथवा मंत्रचळ आहे, तर टीएमएसचा विचार मानसोपचारतज्ज्ञाने करावा. गोळी नको म्हणून थेट चुंबकाकडे धावणे हे वडाची साल पिंपळाला लावण्यासारखे आहे.

धोक्यांविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. डोके दुखणे, टाळूला टोचल्यासारखे वाटणे हे त्रास बऱ्याच जणांना होतात व सहसा काही दिवसांत ओसरतात. आकडी येण्याचा धोका हजार रुग्णांत एकाहूनही कमी आहे, परंतु तो शून्य नाही. ज्यांच्या डोक्यात शस्त्रक्रियेनंतर बसविलेली धातूची क्लिप आहे किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे त्यांच्यासाठी हा उपचार वर्ज्य ठरतो. पेसमेकर असणाऱ्यांनी आणि पूर्वी आकडी आलेल्यांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

जैन कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास घडतात, रात्री जागरणही होते. अपुरी झोप ही आकडीला निमंत्रण देणारी मानली जाते. म्हणून उपचार चालू असताना उपवासाचा संकल्प डॉक्टरांना अगोदर सांगावा. चातुर्मासात रात्रीची गोळी व्रताच्या आड येते म्हणून ती गुपचूप सोडून देणारे रुग्ण पुष्कळ कुटुंबांत असू शकतात. औषध एकाएकी बंद केल्याने आजार उसळतो. त्याऐवजी सूर्यास्तापूर्वीची वेळ मिळेल का, असे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा वेळ बदलून देता येते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पाणी गाळून पिणे हा अहिंसेचा आचार आहे, परंतु एकच भांडे चाळीस वेळा धुऊनही मन निवत नसेल तर तो आचार राहत नाही. पावलाखाली जीव येऊ नये म्हणून जपून चालणे ही ईर्यासमिती आहे; पण एखादा जीव मेलाच असेल या शंकेने तीच वाट दहा वेळा परत तपासणे हा मंत्रचळ असू शकतो. प्रतिक्रमणाने चित्त हलके व्हावयास हवे. ते दर वेळी अधिक जड होत असेल, तर तेथे रोगाची शंका घ्यावी. अशा माणसाची धर्मनिष्ठ म्हणून वाखाणणी होते आणि तो आतल्या आत झिजत राहतो. त्याला वेळीच तज्ज्ञाकडे नेणे हाही धर्मच आहे.

ध्यान, सामायिक आणि कायोत्सर्ग यांचे मोल यामुळे उणे होत नाही. ४८ मिनिटे एका आसनावर स्थिर बसण्याचा अभ्यास मनाला बळ देतो. परंतु तीव्र भयाच्या झटक्यात असलेल्या माणसाला डोळे मिटून बसणेच असह्य होते. मोडलेल्या पायाला आधी प्लास्टर लागते, चालण्याचा व्यायाम नंतर करावयाचा असतो. उपादान आत्म्याचे असले, तरी निमित्ताचा अव्हेर जैन दर्शनाने केलेला नाही. योग्य डॉक्टर, योग्य औषध आणि आवश्यक तेथे चुंबकीय यंत्र ही निमित्तेच होत.

शेवटी धर्मादाय कार्याविषयी. पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या कोणत्याही ट्रस्टला वाटते की, महोत्सवाची खूण म्हणून एखादे भव्य यंत्र घ्यावे आणि त्यावर देणगीदारांची नावे कोरावीत. टीएमएसचे यंत्र खर्चिक आहे. ते चालविण्यास प्रशिक्षित माणसे लागतात आणि त्यावर देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. छोट्या गावात असे यंत्र कपाटाची शोभा ठरण्याचा संभव अधिक. त्याऐवजी दवाखान्यात महिन्यातून दोनदा मानसोपचारतज्ज्ञ येईल अशी व्यवस्था, एक प्रशिक्षित समुपदेशक, गोळ्यांसाठी साहाय्य, आणि तज्ज्ञाने टीएमएस सुचविलेल्या गरजू रुग्णाच्या शहरातील सहा आठवड्यांच्या मुक्कामाचा व प्रवासाचा भार, एवढे केले तरी औषधदान आणि अभयदान एकाच हाताने घडेल. धर्मशाळेतील दोन खोल्या अशा रुग्णांसाठी राखून ठेवल्या, तर उपचार अर्ध्यावर सुटणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विम्याची तरतूद करण्यास सांगितले आहे. मात्र टीएमएसचा खर्च मिळेल की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावयास तर एक रुपयाही लागत नाही.

आणि ज्या दानाला पैसा लागतच नाही, ते सर्वांत आधी करावयाचे आहे. दाराशी बसलेल्या त्या गृहिणीला "एवढे काय झाले आहे तुम्हाला?" असे विचारण्याऐवजी कोणी शेजारी जाऊन बसावे. तिचा आजार खरा आहे, त्यात तिचा दोष नाही आणि त्यावर उपचार आहेत, एवढे तिला सांगावे. पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. चुंबकाचे कार्य त्यानंतर, लागलेच तर. अभयदानाचा आरंभ मात्र त्या शेजारी बसण्यातच आहे.

जय जिनेंद्र.